सतरा नंबरचा फोटो

तिला सगळे बादबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती? फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, उंच स्टुलावर बसून अडतीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. आलेला फोटो तपासायचा आणि चालेल की बाद ते सांगायचं. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, कानावर लाल पेन्सिल. ‘चालेल’ हा तिच्याकडचा सगळ्यात मोठा शब्द. ‘चांगला’ असं तिनं कुठल्या फोटोला म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तर मालकांनी आधी तिला डॉक्टरकडे नेलं असतं.

तपासायची तिची रीतही न्यारी. फोटो हातात आला की पहिल्यांदा तो उलटा धरायचा, डोकं खाली. चेहरा आधी बघायचाच नाही. चेहरा लाच देतो, असं ती म्हणे. गोड हसणारं पोर दिसलं की बघणारा विरघळतो आणि फोटोत काय बिघडलंय ते डोळ्यांआड होतं. उलटा धरला की नुसता उजेड आणि काळोख उरतो. कुठं जड झालंय, कुठं पोकळ राहिलंय, कुठं कपाळावरचा उजेड जळून पांढरा पडलाय ते लगेच कळतं. मग तसंच उलट्यावरच भिंग लावायचं. जो डोळा कॅमेऱ्याच्या जवळ, तो रेखीव हवा, पापणीचा केस न् केस मोजता यायला हवा. डोळ्यात उजेडाचा ठिपका हवा, आणि एकच हवा. नाकाची सावली ओठावर उतरता कामा नये, नाहीतर भल्या बाईला मिशी फुटते. डोक्यामागं काय आहे ते बघायचं. विजेचे खांब टाळूतून उगवलेली कितीतरी सभ्य माणसं तिनं पाहिली होती. एवढं झालं की मग फोटो सुलटा करायचा, हातभर लांब धरायचा आणि शेवटचा प्रश्न विचारायचा, की हा बघतोय कुणाकडे?

नवख्या फोटोग्राफरला हा प्रश्नच कळत नसे. कॅमेऱ्याकडे बघतोय की, असं तो म्हणे, आणि मग त्याची अशी काही खरडपट्टी निघे की पुढच्या खोलीतली गिऱ्हाइकं माना वळवून बघत. कॅमेऱ्याकडे कोण बघतं मेल्या, असं ती सुनवायची. कॅमेऱ्यामागं जो उभा असतो त्याच्याकडे माणूस बघतो. त्याला भिऊन, नाहीतर त्याच्यावर जीव टाकून, नाहीतर कधी एकदाचा सुटतो म्हणून. ते फोटोत उतरलं पाहिजे. नसेल उतरलं तर लाव ओळखपत्राला आणि जा घरी.

फिल्मचा जमाना होता तेव्हा बाद म्हणजे कायमचं बाद. स्टुडिओचा नियमच होता तसा. मालकांना एकदा एका लग्नाचे नको ते फोटो चुकून छापून गेल्यामुळं भारी मनस्ताप झाला होता, तेव्हापासून बाद निगेटिव्हला, कंडक्टरकडे तिकिटाचा असतो तसल्या चिमट्यानं भोक पाडायचं. तेही कोपऱ्यात नाही, थेट चेहऱ्यावर, म्हणजे पुन्हा कुणाला छापायची बुद्धी होणार नाही. तो चिमटा तिच्या हातात असे. दिवसाकाठी तीस-चाळीस भोकं सहज पडत. कुणाचं काय, कुठल्या घरचं, हे ती बघतही नसे.

रागाचं म्हणाल तर तो तिला बारमाही पुरायचा. मोबाइल आल्यापासून तर त्याला सुट्टीच राहिली नाही. एक बाप मुलीचा फोटो मोठा करून घ्यायला आला. मोबाइलनं आपल्या अकलेनं त्या पोरीचं कातडं असं काही गुळगुळीत केलं होतं की नाक वाहून गेलं होतं, नुसत्या दोन नाकपुड्या उरल्या होत्या. नाक मुलीनं नको म्हटलं की तुम्ही, असं बादबाईनं त्याला विचारलं. तो म्हणाला, आजकाल असंच असतं. ती म्हणाली, मग आजकालच्या दुकानात जा. मालकांनी नंतर तिला पुष्कळ समजावलं की गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी, पण ती म्हणाली की लक्ष्मीलाही नाक असतंच.

हे झाले वरवरचे राग. खरा राग निराळा होता आणि तो महिन्यातून चार-पाचदा उसळायचा. कुणाची तरी आई गेलेली असायची. मुलगे यायचे, तोंडं उतरलेली, आणि खिशातून एखादा गर्दीचा फोटो काढायचे. ह्यातली आई तेवढी मोठी करून द्या. बघावं तर फोटोत केक कापणारे बाबा मधोमध, आत्या-मावश्या, काका, शेजारचं कुत्रंसुद्धा झकास, आणि आई? आई मागं दारात, हातात ताटल्यांची चवड, अर्धी चौकटीबाहेर, तोंड भलतीकडे. नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड अर्धं कपाळ. वडिलांचे सात फोटो, आईचं एक कोपर. मग बादबाईच्या तोंडाचा पट्टा सुटे. चाळीस वर्षं तिच्या हातचं गिळलंत, एकदा तिला खुर्चीवर बसवावं असं वाटलं नाही? आता कुठून आणू तिचे डोळे? दुःखात असलेल्या माणसांना असं बोलू नये, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण गप्प बसली असती तर ती बादबाई कसली. एकदा तर पन्नाशीचा एक गृहस्थ तिच्यासमोर ढसाढसा रडला. तिनं त्याला पाण्याचा पेला दिला आणि पुढं बोलत राहिली.

आणि गंमत बघा, हीच बाई, आणि हिच्या स्वतःच्या आईचा एक धड फोटो घरात नव्हता.

आई ऐंशीची झाली होती. दोन गल्ल्या पलीकडे दादाकडे राहायची, म्हणजे बादबाईच्या थोरल्या भावाकडे. तो, वहिनी आणि त्यांची कॉलेज संपवून नोकरीला लागलेली मुलगी, एवढंच ते घर. ह्या वर्षी आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आणि चालताना हात भिंतीला लागायला लागला. उद्या काही झालं तर मीही कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोतून कोपर कापून आणणार का, ह्या विचारानं बादबाईची झोप उडाली. मागं तर ती वीस वर्षं लागली होतीच, आता दर रविवारी कॅमेरा घेऊन जायला लागली, आणि दर रविवारी आई निसटायची. दूध उतू जाईल. आज नको, केस धुतलेले नाहीत. अगं, माझे फोटो नाही चांगले येत. बसवून ठेवलं तर ऐन वेळी तोंडावर हात. एकदा लपूनछपून काढायला गेली तर आईनं चक्क पाठ केली आणि भांडी घासायला लागली. बादबाई चिडून घरी यायची आणि मनात म्हणायची की ह्या म्हातारीचं खूळ काही जायचं नाही.

अशा दिवसांत तो रविवार उजाडला. वाचनालयाच्या वरच्या दालनात छायाचित्र मंडळाची वार्षिक स्पर्धा होती, विषय माणसाचा चेहरा, आणि परीक्षक दरवर्षीप्रमाणे बादबाई. लोक फोटो बघायला कमी आणि तिचं बोलणं ऐकायला जास्त यायचे. मंडळाचा नियम असा की फोटोवर नाव नाही, नुसता नंबर. परीक्षकानं सगळ्यांसमोर आधी दोष सांगायचे आणि मग गुण, दहा तंत्राचे आणि दहा कलेचे. निकाल पाच वाजता. चिटणीस म्हणून एक निवृत्त शिक्षक होते, ते वहीत गुण टिपून घेत. फारच सालस माणूस, बादबाईनं काही म्हटलं की आपल्यालाच म्हटलं असं वाटून मान खाली घालायचे.

पहिल्या सोळांत तिनं मनासारखी कत्तल केली. एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती कुणीतरी कडक काळी-पांढरी करून आणली होती. तिनं विचारलं की हा माणूस आहे की नांगरट, आणि कलेला दोन दिले. एका मुलीचे डोळे निळे रंगवले होते, तिला शून्य. दालनात हशा पिकत होता. मग चिटणिसांनी सतरा नंबर हातात दिला.

तिनं रीतीप्रमाणे उलटा धरला आणि बोलायला सुरुवात केली. कपाळ जळलंय, खिडकीचा उजेड थेट घेतलाय, कुणी पडदा लावायचं शिकवलं नाही वाटतं. चौकट तिरकी, घर कलंडतंय की काय. भिंतीवर टांगलेला झारा बाईंच्या डोक्यातून उगवलाय. इथं दालन खदखदलं, तशी तिला आणखी चेव आला. म्हणाली, बाईंना बहुतेक भजी तळायची घाई दिसतेय, झारा सोबतच ठेवलाय. मग तिनं भिंग लावलं. जवळचा डोळा धूसर. रेखीव काय, तर कान. कानाचा फोटो काढायचा होता तर कान घेऊन यायचं, बाकीच्या बाईंना कशाला त्रास दिला? हात हललाय, तोंडाकडे जाताना नुसता धुराचा लोट झालाय. दात एक कमी, तो झाकायचं भान नाही. तंत्राला दोन. दोनही कानासाठी. लिहा.

चिटणिसांनी लिहिलं. भिंग अजून फोटोतल्या बाईंच्या चष्म्याच्या काचेवर होतं. त्या काचेत एक खिडकी उमटली होती, सहा तावदानांची, आणि त्यातलं खालचं एक तावदान काचेचं नव्हतं, पुठ्ठ्याचं होतं. तो पुठ्ठा कोनावर फाटलेला होता. बादबाईनं तो पुठ्ठा स्वतःच्या हातानं लावला होता, गेल्या वर्षी, दादाच्या स्वयंपाकघरात. खिडकीसमोर कोपरं फाकवून कॅमेरा धरलेली एक किडकिडीत आकृती होती, डोक्यावर केसांचा घट्ट अंबाडा. तो अंबाडाही तिच्या ओळखीचा होता.

तिनं फोटो सुलटा केला, हातभर लांब धरला.

आई हसत होती. मांडीवर मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप, हात तोंडाकडे निघालेला, डोळे अर्धे मिटलेले, पडलेल्या दाताची खिंड उघडी टाकून आई अशी हसत होती की खांदे हललेले दिसावेत. बादबाईनं आपल्या आईला असं हसताना कधी पाहिलं होतं हे तिला आठवेना. सहा दोष काढून झाले होते, दालन दोनदा हसवून झालं होतं, आणि तोवर तिनं आपली आई ओळखली नव्हती.

चिटणिसांनी हळूच विचारलं की कलेचे किती लिहू. तिनं मान वर करून दालनात बघितलं. शेवटच्या ओळीत एक डोकं खाली वाकलेलं होतं, घट्ट अंबाड्याचं. मागाहून सांगते, असं बादबाई म्हणाली, फोटो काखेत मारला, आणि उरलेले पंचवीस चेहरे तसेच टाकून जिना उतरायला लागली.

रस्त्यानं ती जी चालली ती चालणं नव्हतंच. संताप नुसता पायांतून निघत होता. वीस वर्षं मी मागं लागलेय, मी! अडतीस वर्षं ह्या धंद्यात केस पांढरे झाले, नाकाच्या सावलीसाठी माणसाला चार-चार वेळा बसवणारी मी, माझ्यासमोर आईला केस धुवायचे असतात, दूध उतू जातं. आणि त्या कालच्या पोरीसमोर, जिला डोळा कुठला आणि कान कुठला कळत नाही, तिच्यासमोर ही दात काढून हसते. मागून भाची धापा टाकत येत होती, आत्या, आत्या थांब, मला वाटलं तुला आवडेल, असं काहीबाही म्हणत. आत्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. एका वळणावर तिला एकदम रडू आलं आणि त्याचाही तिला राग आला.

घरी दादा-वहिनी बाहेर गेले होते. आई स्वयंपाकघरात तिच्या ठरलेल्या स्टुलावर बसून लसूण सोलत होती. बादबाईनं फोटो तिच्यासमोर ओट्यावर आपटला.

“हे काय आहे?”

आईनं चांगला डोळा जवळ नेऊन बघितलं. म्हणाली, मीच आहे की. मग तिनं नातीकडे पाहिलं, ती दारात नखं खात उभी होती.

बादबाईचा बांध फुटला. माझ्यासमोर बसायला तुला लाज वाटते आणि हिच्यासमोर नाही? मी काय परकी आहे? माझ्या कॅमेऱ्याला काटे आहेत? चारचौघांत मी तुझं हसं केलं आज, आई, तुझं, आणि मला माहीतही नव्हतं तू आहेस ते. तू एकदा, फक्त एकदा बसली असतीस माझ्यासमोर. वीस वर्षं मी तुला विनवतेय.

आई सगळं ऐकत होती. लसणाची पाकळी सोलून तिनं वाटीत टाकली आणि म्हणाली, “बसले होते की एकदा.”

“कधी? काहीतरी सांगू नकोस.”

आई भिंतीला हात लावत उठली. फडताळातून तिनं बटणांचा पत्र्याचा डबा काढला, सगळी बटणं ताटलीत ओतली, आणि डब्याच्या तळाशी चिकटलेला एक कागदी लखोटा नखानं सोडवला. त्यात एक चौकोनी निगेटिव्ह होती, जुन्या मोठ्या फिल्मची. बादबाईनं ती खिडकीच्या उजेडात धरली. खुर्चीवर बसलेली एक बाई, खांदे, मांडीवर ठेवलेला एक हात, दुसरा वर उचललेला आणि हललेला. आणि जिथं चेहरा असायला हवा तिथं वाटाण्याएवढं गोल भोक. त्या भोकातून तिला समोरच्या इमारतीचा पाण्याचा नळ दिसला.

आईनं मग सांगितलं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं तुझं. मालकांनी रविवारी कॅमेरा वापरायची परवानगी दिली म्हणून केवढी हरखली होतीस. मला ठेवणीतले कपडे घालायला लावलेस, स्टुडिओत नेलंस, खुर्चीवर बसवलंस. मी चार दिवस वाट बघितली. मग डबा द्यायला आले होते तेव्हा तुला विचारलं, की मी कशी आलेय? तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, बाद. आणि चिमटा दाबलास, टोपलीत टाकलंस. तू चहाला गेलीस तेव्हा मी ते काढून घेतलं. म्हटलं, आपलंच तोंड आहे, कचऱ्यात कशाला.

“फोटो बाद म्हटलं असेन मी. तुला नाही.”

“मला काय कळतं त्यातलं?” आई म्हणाली. “मी विचारलं, मी कशी आलेय. तू म्हणालीस, बाद.”

बादबाईला त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. खुर्ची नाही, कपडे नाहीत, डबा नाही. दिवसाला तीस-चाळीस भोकं, त्यातलं ते एक. लोकांच्या पोरांना ती अडतीस वर्षं फाडून खात होती, तुमच्या आया चौकटीबाहेर का म्हणून. एका आईला तर तिनं स्वतःच्या हातानं हाकलून दिलं होतं, आणि ती बिचारी गेली ती परत आलीच नव्हती. तिला त्या क्षणी तो चिमटा हवा होता, आणि समोर तेव्हाची ती वीस वर्षांची शहाणी पोरगी हवी होती.

निगेटिव्ह पुन्हा उजेडात धरून तिनं विचारलं, की तेव्हा हात का हलला होता.

“हसू आलं म्हणून. तू कॅमेऱ्यात बघताना जीभ बाहेर काढून दातांत धरली होतीस. सुई ओवताना धरायचीस तश्शी, लहानपणी. एवढी मोठी साहेबीण झालीस आणि जीभ बाहेर.” आई नातीकडे बोट करून म्हणाली, “ही पण तशीच धरते. परवा मटार सोलताना मान वर केली, बघते तर काय, तूच उभी.”

हा बघतोय कुणाकडे, असं बादबाई जन्मभर लोकांना विचारत आली होती. मग एकदम खांद्यावरच्या पिशवीतून तिनं दर रविवारचा तो कॅमेरा काढला आणि म्हणाली, बस. आत्ता बस. इथंच, आहे तशी.

आई लगेच बसली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं एकही निमित्त सांगितलं नाही. बादबाईनं कॅमेरा डोळ्याला लावला. उजेड सुरेख होता, तिनं झारा खिळ्यावरून काढून ठेवला होता, जवळचा डोळा असा रेखीव दिसत होता की पापणीचे केस मोजावेत. आणि त्या चौकटीत आईनं पाठ ताठ केली, पदर सारखा केला, पडलेला दात दिसू नये म्हणून ओठ गच्च मिटले, हात मांडीवर जुळवले. तपासायला आलेल्या माणसापुढं बसतात तशी ती बसली होती. कुणाकडे बघतेय हे फोटोत अगदी स्वच्छ उतरलं असतं. बादबाईचं बोट बटणावर होतं, ते तिला दाबवेना. तिनं कॅमेरा खाली घेतला.

आईचा चेहरा आणखीच पडला. बारीक आवाजात तिनं विचारलं, “काय चुकलं माझं?”

तेवढ्यात फोन वाजला. चिटणीस होते. पाच वाजत आले होते, सतरा नंबरचे कलेचे गुण राहिलेत, बाकीच्यांचं उद्या बघू पण हा तरी पुरा करावा, की नियमाप्रमाणे सतरा बाद धरू, असं ते अगदी चाचरत विचारत होते.

“सतराला बाद म्हणालात तर याद राखा,” बादबाई ओरडली. “परीक्षक बाद. आलं का लक्षात? वहीत लिहा तसं, परीक्षक बाद, आणि दुसरा माणूस आणून बसवा. तंत्राचे दोन तेवढे राहू द्या, फोकस कानावरच आहे.”

फोन ठेवून तिनं कॅमेरा भाचीच्या हातात कोंबला आणि स्वतः आईच्या स्टुलाशेजारी फरशीवर फतकल मारून बसली. भाची म्हणाली, आत्या, मी? हा कॅमेरा? तू, असं आत्या गुरकावली, आणि फोकस डोळ्यावर धर गाढवे, कानावर नाही. पोरीनं घाबरत कॅमेरा उचलला, कोपरं फाकवली, रिंग फिरवायला लागली, आणि फिरवता फिरवता तिच्या दातांतून जिभेचं टोक बाहेर आलं. बादबाईनं आयुष्यात पहिल्यांदा ते बाहेरून बघितलं. तिच्या डोक्याच्या वर कुठंतरी आई खुदकन हसली, मग तिचे खांदे हलायला लागले, तिचा एक हात तोंडाकडे निघाला आणि दुसऱ्यानं तिनं लेकीचा खांदा धरला. बादबाईनं मान वळवून वर बघितलं. खट् असा आवाज झाला.

भाचीनं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो बघितला आणि तिचं तोंड एवढंएवढं झालं. आजीचा हात हललाय. आत्याचं नुसतं डोकं आलंय, मागून. परत काढू?

आईचं हसू थांबलं. सवयीनं तिनं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग धीर करून, डबा द्यायला आलेली असताना विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं, “मी कशी आलेय?”

बादबाईनं कॅमेरा घेतला. उलटा धरला नाही, गळ्यातल्या भिंगाला हात लावला नाही. नुसतं डोळ्यांनी बघितलं.

“चांगली,” ती म्हणाली. “चांगली आलीस, आई.”

आईनं तो शब्द ऐकला, क्षणभर तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि ताटलीतली बटणं एक-एक करून डब्यात भरायला घेतली.

“मग मला एक छापून दे,” ती म्हणाली. “आणि ह्याला तरी भोक पाडू नकोस.”